न परतलेल्याचा कंदील

१४ फेब्रुवारी १९६५
तारापूरजवळ, आपलं गाव

आत्माराम,

वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं दिसेल तुला. दिसू दे.

मामाच्या थोरल्यानं तुझं पत्र आणून दिलं. त्याची बोट एडनला लागली तेव्हा कुणा अनोळखी माणसानं त्याच्या हातात कोंबलं म्हणे. बिचारा दोन महिने ते बनियनच्या आत घेऊन फिरला, घामानं अर्धी शाई गेली. उरलेली अर्धी मी वाचली. 'मी सुखरूप आहे, काळजी करू नका.' वा रे वा! हवाई दलाचं विमान घेऊन शत्रूच्या मुलखात जाऊन उतरलास आणि आम्ही काळजी करायची नाही.

हे उत्तर त्याच्याच हाती देते आहे. एडनहून पुढे कुठे टाकायचं ते तो बघेल. शुद्ध भाषेत लिहिते आहे, सातवीपर्यंत गुरुजींनी मार देऊन शिकवली तशी. आपल्या बोलीतलं तुला आता कळेल की नाही, कोण जाणे.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. जीपमधून दोन साहेब आले. तुझे फोटो, पत्रं घेऊन गेले, बाबांना चार प्रश्न विचारले. आमच्याशी नीट वागले, पाणीसुद्धा मागून प्यायले. गाव नीट वागलं नाही. जीप वळली आणि अर्ध्या तासात दार मोडलं. वल्ह्याच्या मुठीनं बाबांचे पुढचे दोन दात पाडले. होडीच्या कुशीत कुऱ्हाडीचे सात घाव घातले, मी मोजलेत. बुधा दारात आडवा पडला म्हणून बाबा जिवंत राहिले. माझ्या या नवऱ्याला तू कायम मठ्ठ म्हणायचास, लक्षात ठेव. शेजारची शकू आईच्या कुशीबद्दल काहीतरी बोलली. मी तिच्या झिंज्या धरल्या आणि डोकं पाट्यावर आपटलं. पालघरला नेऊन नऊ टाके घालावे लागले. मला वाईट वाटलेलं नाही.

हात उचलायचा आपल्या घराला रोगच आहे. तू तिकडे गेलास तोही त्यापायीच. मेसमध्ये एक साहेब म्हणाला, याला मासळीचा वास येतो. तू त्याचा जबडा मोडलास. चौकशी लागली, विमान हातचं जाणार असं दिसलं, म्हणून विमानच घेऊन गेलास. एवढंच ना? अरे, वास येतोच आपल्याला! मी बोईसरच्या बाजारात टोपली घेऊन बसते, बायका पदर नाकाला लावून भाव करतात. मी काय देश बदलू?

आता मुद्द्याचं. पंचांनी बाबांना बोलावलं होतं. रीत तू विसरला असशील म्हणून लिहिते. दर्यावर गेलेला माणूस परत आला नाही तर घरची माणसं वाळूत बांबू रोवून त्याच्यासाठी रोज दिवेलागणीला कंदील टांगतात. कंदील आहे तोवर तो माणूस जिवंत. मग पंच ठरवतात, पुरे झालं. तांदळाच्या पिठाचा पुतळा करायचा, जाळायचा आणि कंदील उतरवायचा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायच्या आधी हे उरकायचं असतं, कारण असा मधेच अडकलेला माणूस गावात ठेवून कुणी होडी पाण्यात घालत नाही.

पंच म्हणाले, आत्मारामाचा पुतळा करा. तो आपल्याला मेला. तुम्हीही सुटाल, आम्हीही सुटू.

बाबा तयार झाले होते. मीही झाले होते, खोटं कशाला बोलू. पण आईनं साहेबांची जीप गेली त्याच दिवशी बांबू रोवला होता. तू विमानानं गेलास, दर्यावर नाही, हे तिला दहादा सांगितलं. तिला एवढंच कळतं, पोर घरून गेला आणि आला नाही. पंचांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मेल्याबिगर पुतला नाय करत. माजा पोर जिता हाय."

पंचांना बाईमाणसानं असं तोंडावर सांगितलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. नारळी पौर्णिमेपर्यंत मुदत दिली आहे. तोवर आमच्या होडीत कुणी बसायचं नाही, आमच्या वाळवणाच्या वलांडीवर कुणी बोंबील टांगायचे नाहीत.

तू काही करू शकतोस का, ते तुलाच माहीत. मला फक्त कळवायचं होतं की कंदील लावलेला आहे.

बाय


२८ सप्टेंबर १९६५

आत्माराम,

आई गेली. पंधरा तारखेला, दुपारी.

मुदत संपली तरी आईनं पुतळा करू दिला नाही. गावानं आमच्यावाचून नारळ दिला आणि होड्या घातल्या. पहिल्या आठ दिवसांत मासळी लागली नाही, त्याचं खापर आमच्यावर. पुढे लढाई सुरू झाली. इथे अणुशक्तीच्या कामाचे मोठमोठे दिवे होते, ते सगळे बंद झाले. घराघरांतून काचांना काळे कागद लावले. दिवसा मजूर आपसात बोलायचे, "बम गिरेगा तो पहले इधर गिरेगा." लोकांना एकच धास्ती, आत्मारामाला हा किनारा पाठ आहे. कुठला खडक कुठे, कुठलं झाड कुठे. तो येणार, आणि नेमका इथेच येणार.

आणि आईचा कंदील चालूच. पाटलानं तीनदा बजावलं. मी दोनदा उतरवून लपवला. तिनं शोधून परत टांगला. "पोराला दिसंल कसा?" एवढंच तिचं म्हणणं. तिला कोण समजावणार की तो दिसावा याचीच गावाला भीती आहे.

चौदा तारखेला तार आली. बुधाचा भाऊ भिका गेला. तुझ्याच वयाचा, तुझ्याबरोबर चिंचा पाडायला यायचा तो भिका. लष्कराच्या ट्रकमध्ये होता आणि वरून विमानानं मारलं. तार वाचली मीच, कारण घरात वाचणारी मीच. बुधानं विचारलं, "वरून कोणी?" मी म्हटलं, तारेत नाव नसतं. तो उठला, छपरातला कोयता काढला आणि आईच्या कंदिलाकडे निघाला.

वाटेत माणसं मिळत गेली. तीस तरी असतील. ऊन उतरलं होतं, आई नुकताच कंदील टांगून उभी होती. बाबा वल्हं घेऊन आडवे गेले. बुधानं कोयत्याच्या पाठीनं त्यांचा गुडघा फोडला. हाड बाहेर आलेलं दिसलं मला. कुणीतरी होडीवर रॉकेल ओतलं आणि पेटवली. आईनं दोन्ही हातांनी बांबूला मिठी मारली आणि सोडेना. तेव्हा बुधानं दगड मारला. लांबून मारला, तरी सरळ काचेवर बसला. टाकी फुटली, पेटतं रॉकेल आईच्या डोक्यावर, खांद्यावर, लुगड्यावर आलं. तिनं तरीही लगेच बांबू सोडला नाही.

रात्र काढली तिनं. तुझं नाव घेतलं नाही. मला एवढंच विचारलं, "कंदील इझला का गं?" मी म्हटलं, नाही आई, जळतोय.

बाबा बोलत नाहीत. पोलिसांना गावानं सांगितलं, वाऱ्यानं कंदील पडला. पुतळ्याचं आता कुणी काढत नाही, सगळे आमच्या नजरेला नजर द्यायचं टाळतात.

हे तुझ्यामुळे झालं. दुसऱ्या कुणामुळे नाही.

बाय


२० मार्च १९६६

आत्माराम,

तुझं जानेवारीतलं पत्र मिळालं. एवढ्या अक्षरांत सप्टेंबरचं माझं पत्र मिळाल्याचा एक शब्द नाही. उलट लिहितोस, 'आईला सांग, कंदील लावून ठेव.' मिळालं नसेल तर हे वाचायच्या आधी खाली बस. आई जळून मेली. मिळालं असेल आणि तरी असं लिहिलं असशील, तर तू माणूस नाहीस.

तिकडेही तुला सुख नाही, असं दिसतं. विमानाला हात लावू देत नाहीत, दारावर माणूस बसवलाय, दोनदा मारलं. बरं झालं. शत्रूला तुझं विमान हवं होतं, तू नको होतास, हे बोईसरच्या पानवाल्यालाही समजलं असतं. आता म्हणतोस, एका लाँचवाल्याशी बोलणं झालंय, पावसाळ्याआधी किनाऱ्यापर्यंत सोडील. कंदील दिसला तर घर आपल्याला घेतं आहे असं समजून उतरेन, नाही दिसला तर तसाच परत फिरेन.

उत्तर देते. पण आधी एक खोटं दुरुस्त करायचं आहे.

दगड बुधानं मारला नाही. तुला तेव्हाच कळायला हवं होतं. बुधाला दहा हातांवरून म्हैस मारता येत नाही! चिंचा कोण पाडायचं? मी पाडायचे, तू आणि भिका खाली खिसे भरायचात. त्या दिवशी तीस माणसं आईकडे धावत होती आणि सगळ्यांच्या डोळ्यांत तो कंदील होता. मला वाटलं, कंदील विझला तर थांबतील. मी आडवाटेनं पुढे निघाले होते, पण पोचले नसते. पायाखालचा दगड उचलला आणि मारला. आई इतकी जवळ आहे, टाकी भरलेली आहे, हे मनात आलं नाही. नेम तेवढा मनात होता.

आणखी एक लपवलं. आई पेटल्यावर तीसच्या तीस माणसं मागे सरली. मीही जागच्या जागी उभी होते. बुधा कोयता टाकून तिच्यावर पडला. वाळू ओतली, पेटतं लुगडं हातांनी फाडून काढलं. त्याचे दोन्ही तळवे गेले. आता बोटं वाकलेली आहेत, मिटत नाहीत, उघडत नाहीत. जाळं ओढता येत नाही, घास मी भरवते. गावाला त्यानंच सांगितलं की दगड आपण मारला. मी विचारलं, असं का केलंस. म्हणाला, "लेकीनं आयला जालली, असा नको बोलाया कोनी."

असा तो मठ्ठ. बाबांचा गुडघाही त्यानंच फोडला, आणि आता रोज सकाळी बाबांना पाठीवर घेऊन बाहेर नेतो. आमच्या घरात कुणी कुणाला माफ केलेलं नाही. माफ करायला सवड नाही, एकमेकांचं करावं लागतं.

आता उत्तर ऐक. काल मी आईच्याच जागी नवा बांबू रोवला. होड्या पावसाळ्यासाठी वर ओढेपर्यंत रोज दिवेलागणीला कंदील टांगणार. आता बंदी नाही, गाव बघतं आणि काही बोलत नाही. पण त्या कंदिलाखाली बुधा उभा असतो. त्याची बोटं मिटत नाहीत म्हणून कोयता मी त्याच्या मनगटाला सुतळीनं बांधते. रोज बांधते, रोज सोडते. भिकासाठी तो उभा आहे आणि आईसाठी मी.

हे सगळं तुला उघड सांगते आहे, कारण फसवून मारायची आपल्यात रीत नाही. येशील तर वर कंदील असेल आणि खाली आम्ही. तरी यायचं असेल तर ये. निदान आईच्या राखेशी येऊन उभा राहिलास असं होईल. नसेल यायचं तर नारळी पौर्णिमेआधी पुतळा करते आणि तू सुटलास.

बाय


नारळी पौर्णिमेचा आदला दिवस, १९६६

कै. आत्माराम यास,

आज लिहिताना पेन कुठे अडलं नाही.

तू मे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी आलास. आकाश भरून आलं होतं, दुसऱ्या दिवशी होड्या वर ओढायच्या ठरल्या होत्या. लाँच खडकांच्या बाहेर थांबली. एक माणूस कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि कमरेवर हात ठेवून किनाऱ्याकडे बघत उभा राहिला. त्या उभं राहण्यावरून मी ओळखलं. बुधालाही कळलं. त्याच्या मनगटाची सुतळी मी नुकतीच आवळली होती.

मला वाटलं होतं, तू माझं पत्र वाचून येशील. मान खाली घालून येशील, किंवा माज करत येशील. दोन्हीसाठी मी शब्द जुळवून ठेवले होते. तू पाण्यातून धावत आलास, लहानपणी शाळेतून यायचास तसा, आणि कंदिलाकडे बघत हाक मारलीस, "आये!"

तुला काहीच माहीत नव्हतं. कंदील आईनं लावलाय असंच समजून तू आला होतास.

बुधानं कोयता उचलला होता. ती हाक ऐकली आणि त्यानं हात खाली घेतला. मी शपथेवर सांगते, आत्माराम, त्यानं हात खाली घेतला होता. पण तुला आधी कोयता दिसला. तू पिस्तूल काढलंस. मी ओरडले, पण काय ओरडले ते मला आठवत नाही. गोळी बुधाच्या मांडीतलं मांस घेऊन गेली. तो पडला आणि तू पिस्तूल परत रोखलंस.

मी दगड मारला.

कानाच्या वर लागला. तू बसलास, मग आडवा झालास. रक्त कानातून येत होतं. मी डोकं मांडीवर घेतलं. मला बघितलंस आणि विचारलंस, "बाय, आय कुटं हाय?" मी म्हटलं, आत आहे, भात वाढतेय, येतेच आहे. मरणाऱ्या माणसाशी असं खोटं मी दुसऱ्यांदा बोलले. तू होकारार्थी मान हलवलीस. पुढे काही बोलला नाहीस.

गावातून कुणी आलं नाही. अणुशक्तीच्या कामावर त्या वेळेला रोज सुरुंग उडतात, एका बाराकडे कोण लक्ष देतो! लाँच केव्हाच वळली होती. बाबा घरातून ढुंगण घासत, हातांवर रेटत वाळूत आले. त्यांनी तुझे डोळे मिटले. आपल्या जळलेल्या होडीचा नांगराचा दगड तेवढा शिल्लक होता, तो त्यांनी स्वतः तुझ्या कमरेला बांधला. गाठ तीच, जी आपल्याला त्यांनी लहानपणी शिकवली होती. मग आठ महिने न बोललेले बाबा उतरत्या पाण्याकडे बघत बोलले, "वटी लागलीय. चला."

बुधाच्या होडीतून नेलं तुला. मी वल्हं मारलं, बाबा तुला धरून बसले. बुधा जखमेला फडकं बांधून वाकड्या हातांनी पाणी उपसत होता. खडकांच्या बाहेर तुला दर्यात दिलं. तोवर पावसाला सुरुवात झाली होती.

जुलैत मामाचा थोरला आला आणि माझी दोन पत्रं परत दिली. सप्टेंबरचं आणि मार्चचं. त्या पत्त्यावर आता कुणी राहत नाही, असं त्याला सांगितलं गेलं. लिफाफे बंदच होते. मी ती समोर ठेवून दिवसभर बसले होते. फसवून मारायची आपल्यात रीत नाही, असं मार्चच्या पत्रात मीच लिहिलं आहे.

हे कुणाला सांगायचं? पोलिसांना सांगितलं तर बुधा पुन्हा पुढे होईल आणि म्हणेल, दगड माझा. त्याला आता सवय झाली आहे. म्हणून तुलाच सांगते.

बाबांनी काल पंचांना निरोप धाडला की पुतळा करतो. पंच घरी आले, ओट्यावर बसले. एकानं विचारलं, दोन वर्सं आडून ऱ्हायलाव, आता कसं तयार झालाव? बाबा म्हणाले, आता पोरगा येत नाय. पंचांना ते पटलं. शकूनं आपणहून तांदूळ दळून दिले. तिच्या कपाळावर माझ्या नऊ टाक्यांची रेघ आहे. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि तेव्हा मी रडले, तोवर रडले नव्हते.

पुतळा मी केला. पीठ मळताना उजव्या कानाच्या वर अंगठा रुतला, तो खळगा तसाच ठेवला. पोट पोकळ ठेवलं आहे. त्यात तुला लिहिलेली ती दोन न फोडलेली पत्रं ठेवली आणि आता हे तिसरं ठेवते. एवढी तरी पोचतील.

बाहेर सगळे जमलेत. उद्या नारळ दर्यात गेला की होड्या पाण्यात जातील, आमचीही जाईल. बुधाच्या होडीत माणसं बसायला तयार झाली आहेत. कंदील मी मघाशीच उतरवला.

आई म्हणायची, मेल्याशिवाय पुतळा करत नाहीत. मीही तुझ्या मरणाआधी केला नाही.

तुझी बाय,
जमुना